विशेषणं खोडा, क्रियापदं ठेवा

सकाळचा राउंड. पलंगाभोवती आठ-दहा पांढरे कोट आणि मध्ये सर. "रात्रभरात ड्रेन किती आला?" म्हणजे ऑपरेशनच्या जागी ठेवलेल्या नळीतून किती द्रव बाहेर आला. ज्याच्याकडे पेशंट आहे तो विद्यार्थी कागद चाळतो. आकडा नाही. मग मिनिटभर सगळा वॉर्ड ऐकतो: "बेजबाबदार आहेस तू. इथे झोपा काढायला येतोस का? ड्रेन मोजला नाहीस, चार्टवर लिहिला नाहीस, रात्रपाळीच्या सिस्टरना विचारलंही नाहीस. तुला डॉक्टर व्हायला सांगितलं कुणी?"

संध्याकाळी त्या विद्यार्थ्याला विचारा, सर काय म्हणाले? तो सांगेल, "बेजबाबदार म्हणाले. डॉक्टर व्हायला कुणी सांगितलं, म्हणाले." मधलं वाक्य गळालेलं असतं, आणि कामाचं होतं ते नेमकं तेवढंच.

वैद्यकीय शिक्षणात बोलणी खाणं फारसं कुणाला चुकलेलं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१४ साली केलेल्या एका विश्लेषणात ५९.४ टक्के शिकाऊ डॉक्टरांनी शिक्षणकाळात निदान एकदा तरी छळ किंवा भेदभाव सोसल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे 'माझ्याच वाट्याला असा माणूस का आला' या प्रश्नात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. बोलणं ऐकल्यावर त्याचं काय करायचं, हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

एक साधी रीत आहे. खिशातल्या वहीत, शक्यतो तासाभराच्या आत, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी लिहायची. मग विशेषणं खोडायची. 'बेजबाबदार', 'मठ्ठ', 'आळशी' हे सगळं खोडायचं. ज्यांना उत्तर अपेक्षितच नव्हतं असे प्रश्नही खोडायचे. उरतील ती क्रियापदं ठेवायची: मोजलं नाही, लिहिलं नाही, विचारलं नाही. उद्याची कामं ती तीन. राउंडच्या आधी ड्रेनची बाटली स्वतः बघायची, किती मिलिलिटर आणि कोणत्या रंगाचं ते लिहायचं, रात्रपाळीच्या सिस्टरना भेटायचं. जाता जाता हेही लक्षात ठेवायचं की ड्रेन अचानक शून्यावर आला तर पेशंट सुधारला असं लगेच समजू नये. नळी गुठळीने अडकलेली किंवा कुठेतरी मुडपलेली असू शकते. सरांचा आवाज चढतो त्यामागे बऱ्याचदा असलं काहीतरी असतं, ते रागाच्या भरात सांगायचं राहून जातं.

तासाभराची घाई अशासाठी की आठवणीत आधी अपमान मुरतो आणि तपशील विरतो. रात्री झोपताना लिहायला बसलं तर वहीत फक्त विशेषणं उतरतात.

ही खोडाखोड मनाच्या समाधानासाठी नाही, तिच्यातून शिक्षकाची परीक्षाही होते. दोन आठवड्यांची पानं उलटून बघा. खोडल्यावर बऱ्याच ठिकाणी काहीतरी उरत असेल, तर माणूस कडक आहे, पण शिकवतो आहे. पानामागून पान कोरं होत असेल, 'तू नालायक आहेस' यापलीकडे त्या बोलण्यात काहीच नसेल, तर तिथे शिकवणं चाललेलंच नाही. त्यावरचे उपाय वेगळे आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. एका दिवसावरून मात्र निकाल लावू नये. रात्रभर ऑपरेशनला उभा राहिलेला भला माणूसही सकाळी सातला कावलेला असतो.

ही खोडाखोड न जमल्याने काय होतं, याचा वैद्यकाच्या इतिहासातला दाखला बराच कडू आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ झेमेलवाइस यांनी शवविच्छेदनाहून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्यांच्या विभागातलं बाळंतिणींचं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमध्ये १८.३ टक्के होतं, ते जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आलं. पुढे १८६१-६२ मध्ये त्यांनी युरोपातल्या नामवंत प्रसूतितज्ज्ञांना खुली पत्रं लिहिली आणि हात न धुणाऱ्यांना सरळ खुनी ठरवलं. विरोधाला इतरही कारणं होती, पण या भाषेने वाट आणखी अवघड झाली. वाचणाऱ्यांनी 'खुनी' तेवढं लक्षात ठेवलं. 'हात धुवा' हे क्रियापद त्या गदारोळात हरवलं आणि बाळंतिणी मरत राहिल्या. दोष बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, यावर वाद घालता येईल. शिकणाऱ्याच्या हातात मात्र ऐकण्याची बाजू तेवढी असते.

शिक्षक असे का होतात, हेही थोडं पाहून ठेवावं. माफ करण्यासाठी नव्हे. त्यांचा अंदाज बांधता यावा म्हणून. १८८९ साली बाल्टिमोरमध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी सर्जरीच्या रेसिडेन्सीची, म्हणजे रुग्णालयात राहून घ्यायच्या प्रशिक्षणाची, जी घडी बसवली, ती पिरॅमिडसारखी होती. पायथ्याशी बरेच जण, माथ्यावर एक. किती वर्षं लागतील ते ठरलेलं नाही आणि मुक्काम रुग्णालयातच. अशा रचनेत कुणाला तरी गाळावंच लागतं, आणि गाळण्याचं एक हत्यार म्हणून पाणउतारा रुळतो. तो पिरॅमिड बहुतेक ठिकाणी गेला. बोलण्याची ढब उरली आणि सीनियरकडून ज्युनियरकडे सही-शिक्क्यासारखी जात राहिली. दुसरं कारण त्याहून साधं आहे, ते म्हणजे भीती. पेशंटचं बरंवाईट झालं तर उत्तर सरांना द्यावं लागतं. ज्या आकड्यावर त्यांचा निर्णय अवलंबून असतो तोच हाती नसला की त्यांची भीती रागाच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून कोणत्या गोष्टीवर सर भडकतात याची यादी केली, तर ती बहुधा त्यांना कशाची भीती वाटते याचीच यादी निघते. कुणी एके काळी रक्तस्राव उशिरा ओळखलेला असतो, तो आयुष्यभर नाडीचा आकडा आधी विचारतो.

अंगावर ओरडा येतो त्या क्षणी शरीर आपलं नसतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, पाठ केलेलं विसरतं. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता विभागांच्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तब्येत आतड्याच्या आजाराने अचानक ढासळते, असा बनावट प्रसंग पथकांना दिला होता. काही पथकांना बाहेरच्या एका 'तज्ज्ञा'कडून उर्मट शेरे ऐकवले गेले, बाकीच्यांना साधं बोलणं. उर्मटपणा ऐकलेल्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातांचं कामही. कारण शोधलं तर दोन गोष्टी पुढे आल्या: त्यांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली आणि एकमेकांची मदत कमी मागितली.

तापट शिक्षकाचा खरा धोका इथे आहे. मन दुखावणं हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की माणूस विचारणं बंद करतो, आणि वॉर्डात विचारणं बंद झालं की त्याची किंमत पेशंट मोजतो. त्यामुळे पुढे जे काही करायचं ते एवढ्यासाठीच, की आपलं विचारणं चालू राहावं.

त्या क्षणी फार काही करता येत नाही. तरी तीन गोष्टी जमतात. श्वास आत घ्यायला लागतो त्याहून सोडायला जास्त वेळ द्यायचा, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. डोळ्यांत बघवत नसेल तर कपाळाकडे बघायचं. खाली मान घातली की समोरच्याचा आवाज आणखी चढतो. आणि बोलणं थांबलं की त्यातलं क्रियापद उचलून एका वाक्यात परत म्हणायचं: "म्हणजे रात्री दर चार तासांनी मोजून लिहायला हवं होतं. आजपासून तसं करतो, सर." सफाई इथे देऊ नये. कारण खरं असलं तरी सगळ्यांसमोर दिलेलं कारण बहाण्यासारखंच ऐकू येतं. ते सांगायचंच असेल तर दुपारी, एकट्याने, दोन वाक्यांत.

निम्मी बोलणी मात्र आदल्या दिवशीच टाळता येतात. राउंडच्या आधी पाऊण तास घ्या. प्रत्येक पेशंटसाठी एक छोटं कार्ड करा: नाडी, बीपी, ताप, श्वासाची गती, ऑक्सिजन. चोवीस तासांत आत किती गेलं, बाहेर किती आलं. रक्ताचे कालचे आणि आजचे आकडे शेजारी शेजारी, कारण सुटा आकडा अर्धवट बोलतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.८ म्हणजे काय, हे काल ते १.१ होतं की ३ होतं यावर ठरतं. लघवीचं प्रमाण वजनाशी ताडून बघायचं. मोठ्या माणसाला ताशी दर किलोमागे अर्धा मिलिलिटर हा ढोबळ हिशेब, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला तासाला ३०. शेवटी एक ओळ: आज काय करायचं असं मला वाटतं. ही ओळ चुकली तरी चालते, नसली की चालत नाही.

केस सांगताना पहिल्या वाक्यात वय, ऑपरेशन किंवा आजार, कितवा दिवस आणि रात्रीत काय बदललं एवढं यायला हवं. बऱ्याच जणांची गाडी सहा महिन्यांपूर्वीच्या सर्दीपासून सुटते आणि तिथेच सरांचा धीर सुटतो.

मग प्रश्नांची सरबत्ती. इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णालयांत याला 'पिंपिंग' असा अजब शब्द आहे. एकामागून एक प्रश्न येत राहतात आणि उत्तर अडलं की समाधान होतं, कधी कधी विचारणाऱ्याचंच. इथे पाठांतरापेक्षा मांडणी तारते. "पोट दुखण्याची कारणं सांग" म्हटल्यावर आठवेल ते फेकू नये. पोटाचे भाग पाडायचे, उजवीकडे वर, मध्ये, डावीकडे, मग खाली, आणि प्रत्येक भागात कोणते अवयव आहेत त्यांच्या मागे जायचं. शेवटी पोटाबाहेरची कारणं: हृदय, फुप्फुसाचा तळ, मधुमेहातला किटोॲसिडोसिस. चार कारणं सुटली तरी विचार करण्याची रीत दिसते, आणि बरेच कडक शिक्षक शोधत असतात ती तीच.

उत्तर येतच नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं. पण 'माहीत नाही' तीन जातींचं असतं, ते वेगळं करून सांगावं. "मी बघितलं नाही" वेगळं, "बघितलं होतं पण आठवत नाही, लगेच बघून सांगतो" वेगळं, आणि "विचारलं, पण पेशंटला सांगता आलं नाही" वेगळं. पहिल्यावर बोलणी बसतील. बसू द्यावीत. चौथी जात असते ठोकून देण्याची, आणि ती फार महागात पडते. समजा पोटॅशियम विचारलं आणि घाबरून "४.२ सर" असं सांगितलं, प्रत्यक्षात रिपोर्टवर ६.१ आहे, म्हणजे धोक्याइतकं जास्त. त्या एका आकड्याच्या भरवशावर पोटॅशियम असलेली सलाइन चालू राहते, पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू राहते, ईसीजी काढला जात नाही. दुपारी हृदयाची लय बिघडली तर सकाळचा ओरडा टाळून काय कमावलं? शिवाय असा आकडा एकदा पकडला गेला की तुमच्या पुढच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विसंबत नाही.

ऑपरेशन थिएटरातला राग निराळा, तो चटकन येतो आणि बहुतेकदा टाके पूर्ण होईपर्यंत जातो. तिथे विचारायचं ते आधी. दोरा कापण्यापूर्वी "किती ठेवू सर?" एवढे तीन शब्द पुरतात. साधारणपणे आतल्या गाठीची टोकं तीनेक मिलिमीटर, तर त्वचेवरची पाच ते दहा, कारण ती पुढे चिमट्यात धरून काढायची असतात. नायलॉनसारखा गुळगुळीत दोरा सरकतो, त्याला गाठी जास्त आणि टोक थोडं लांब. रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेची कड ओढून धरायचं अवजार, हातात दिला की एकदाच दिशा आणि जोर विचारून घ्यायचा. हात भरून आला तर तो न सांगता सैल सोडायचा नाही, "हात बदलतोय" असं म्हणून बदलायचा. आणि ग्लोव्ह निर्जंतुक नसलेल्या कशाला चुकून लागला असेल तर कुणी पाहिलं नसलं तरी मोठ्याने सांगायचं. ओरडा खात्रीने बसेल, पण निर्जंतुक भाग शाबूत राहील.

ओरडणाऱ्यापेक्षा अवघड असतो तो काहीच न बोलणारा शिक्षक. येतो, सही करतो, जातो. त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. २००३ साली शिक्षणतज्ज्ञांनी विद्यार्थ्यानेच पुढाकार घेण्याची एक सहा पायऱ्यांची पद्धत मांडली, तिला 'स्नॅप्स' म्हणतात. केस थोडक्यात सांगायची, शक्यता दोन-तीनवर आणायच्या, त्यांची तुलना करायची, अडलंय ते विचारायचं, उपचार सुचवायचा आणि स्वतः वाचण्यासाठी एक विषय निवडायचा. चौथी पायरी महत्त्वाची. "सर, शिकवाल का?" याला उत्तर येत नाही. "सर, अपेंडिक्स आणि अंडाशयाची गाठ यांत मी अडकलोय, तुम्ही काय बघून ठरवता?" याला मात्र अगदी मुखदुर्बळ माणूसही दोन मिनिटं देतो.

आता रात्रीचा फोन. तापट शिक्षकाला रात्री दोनला फोन करायला हात धजत नाही, आणि पेशंट हातचे जातात ते अशा वेळी. आधी कागद समोर घ्यायचा, मग क्रम ठरलेला: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी, माझा अंदाज, मला काय हवंय. "सर, बेड सातवरच्या पेशंटचा बीपी ९०/६० झालाय, नाडी १२४. वय साठ, काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. दोन तासांत लघवी २० मिलि, पोट फुगलंय. आत रक्तस्राव असावा असं वाटतं. सलाइन सुरू केलंय, रक्त क्रॉसमॅचला पाठवलंय. तुम्ही येऊन बघावं." अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं. शेवटचं वाक्य गाळायचं नाही. 'कळवून ठेवलं' आणि 'या म्हटलं' यांत अंतर आहे. पलीकडून "एवढ्यासाठी उठवलंस?" आलं तरी केसपेपरवर फोनची वेळ, सांगितलेले आकडे आणि मिळालेली सूचना लिहायची, आणि अर्ध्या तासात फरक नसेल तर पुन्हा फोन.

शिक्षकच चुकत असेल तेव्हा? २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक होता. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान पळवायला घेतलं. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, समोरचं विमान धावपट्टीवरून हटलं नाही की काय? त्याने ती प्रश्नाच्या रूपात विचारली. हटलंय, असं ठाम उत्तर आलं. पुढे तो बोलला नाही. विमानं एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतली मिळून ५८३ माणसं गेली. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायला आणि वरिष्ठांना ऐकायला शिकवणं सुरू केलं. वैद्यकाने पुढे ते उचललं. त्यात बोलण्याच्या तीन चढत्या पायऱ्या आहेत. समजा पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या पेशंटला त्याच गटातलं इंजेक्शन लिहिलंय. पहिली पायरी: "सर, मला काळजी वाटते, कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलीय." दुसरी: "सर, हे द्यायला मला योग्य वाटत नाही, मागच्या वेळी त्यांचा घसा सुजला होता." तिसरी: "सर, हा पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आपण थांबू." तिन्हींत आवाज तोच, शब्द चढते. तरीही ऐकलं नाही तर इंजेक्शन भरायचं नाही आणि दुसऱ्या सीनियरला बोलवायचं. एरवी मूग गिळणं हा स्वभावाचा भाग म्हणून चालून जाईल, इथे नाही.

राहिला प्रश्न त्या कोऱ्या पानांचा. जिथे खोडून काहीच उरत नाही, किंवा जिथे हात उगारला जातो, अंगाला नको तसा स्पर्श होतो, जन्म, धर्म, रंग किंवा बाई-पुरुष असण्यावरून बोललं जातं, नापास करण्याची धमकी देऊन कामं करून घेतली जातात, तिथे सहनशक्ती वाढवण्याचे सल्ले देणं हा पळपुटेपणा आहे. तिथे नोंद करायची. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं आणि त्याचा कामावर काय परिणाम झाला. या नोंदीत विशेषणं आपलीही खोडायची. "सर भयंकर वागले" याचा चौकशीत काही उपयोग होत नाही. "१० वाजून २० मिनिटांनी, वॉर्डात, अमुक शब्द म्हणाले" याचा होतो. पेशंटचं नाव त्यात नको, आणि वही रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवर तर अजिबात नको. मग त्या शिक्षकाच्या हाताखाली नसलेल्या एखाद्या ज्येष्ठाशी बोलायचं, त्यानंतर विभागप्रमुख किंवा तक्रार समिती. शक्य तर दोघा-तिघांनी मिळून, कारण एकट्याची तक्रार 'याचंच काहीतरी बिनसलंय' म्हणून सहज बाजूला पडते. तक्रारी फसतात त्या बहुधा दोन कारणांनी: मध्यरात्री रागात पाठवलेला मेसेज, आणि तपशिलावाचूनचं निनावी पत्र.

झोप उडाली, भूक गेली, सकाळी वॉर्डच्या दारात पोटात गोळा येऊ लागला आणि हे दोन आठवडे टिकलं, तर शिक्षकाचं काय ते नंतर; आधी स्वतःसाठी डॉक्टर गाठायचा. २०१५ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात रेसिडेंट डॉक्टरांपैकी २८.८ टक्क्यांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

युनिट बदलण्याच्या दिवशी जुनी बॅच नव्या बॅचला पेशंटसोबत सरांचीही माहिती देते. ती बहुतेक वेळा एका शब्दात असते, 'खडूस', आणि तेवढ्यावर पुढचे काही महिने घाबरून काढले जातात. तो शब्द खोडून खाली लिहायचं: पावणेसातला येतात. आधी लघवी विचारतात, मग ड्रेन. रिपोर्ट काल-आज असे जोडीने लागतात. 'माहीत नाही' चालतं, 'बहुतेक' चालत नाही. रात्री तीनला फोन केला तर आधी ओरडतात, मग वीस मिनिटांत येतात.